गाण्यातून काढलेली गुणगुण पूर्ववत करून मिळणेबाबत

प्रति,
मा. श्री. विनायक चिटणीस साहेब,
विभागीय अधिकारी (परवाना व तक्रार),
महानगरपालिका झोन कार्यालय,
सुरत.

अर्जदार : छगन झिपरू सैंदाणे, वय ६१, धंदा ध्वनिमुद्रण, राहणार डिंडोली, सुरत. मूळ गाव तालुका शिरपूर, जिल्हा धुळे.

विषय : कै. सौ. सुंदरा सैंदाणे यांनी गायलेल्या कानबाईच्या गाण्यातून काढून टाकण्यात आलेली यंत्राची गुणगुण रविवार, दि. ३ ऑगस्ट २०२५ पूर्वी पूर्ववत करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा गुजरातीतील तक्रार अर्ज, दि. ३० जून २०२५.
२) आपल्या कार्यालयाचा पाहणी अहवाल, दि. ९ जुलै २०२५.
३) माझाच अर्ज, सन २०१६, लूमची शेड हलवणेबाबत (मंजूर).

महोदय,

१. हा अर्ज गुजरातीत हवा होता, हे मला माहीत आहे. सुरतेत चाळीस वर्षे काढली, गुजराती मला लिहिता येते, आणि संदर्भ १ चा अर्ज मी गुजरातीतच दिला होता. तो आपल्या आवक-जावक टेबलावरील भाईदासभाईंनी मोठ्याने वाचला, रांगेतल्या माणसांनी ऐकला आणि मी घरी पोहोचायच्या आत तो माझ्या गल्लीत पोहोचला. भाईदासभाईंना मराठी वाचता येत नाही. आपण मराठी आहात असे समजले, म्हणून हा अर्ज मराठीत व बंद पाकिटात देत आहे. कृपया स्वतः वाचावा आणि वाचताना ओठ हलवू नयेत.

२. मी सन १९९८ पासून ‘सुंदरा साउंड’ या नावाने रेकॉर्डिंगचा परवानाधारक धंदा करतो. नाव पत्नीचे, मशीन माझे. मशीन म्हणजे परदेशी बनावटीची एक लोखंडी पेटी. आत काचेचे व्हॉल्व्ह, पुढे दोन काटे व चार बटणे. गाणाऱ्याचा आवाज माइकमधून आधी या पेटीत जातो. पेटी त्याचा चढा भाग दाबते, दबका भाग उचलते आणि मग तो टेपवर जातो. मुंबईच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या लिलावातून घेतलेली ही पेटी मी ट्रकच्या केबिनमध्ये मांडीवर ठेवून सुरतेला आणली. तिला तापायला चाळीस मिनिटे लागतात. एकदा तापली आणि काटा जागेवर आला की काम संपेपर्यंत थांबायचे नाही, हा माझा नियम. पाणी प्यायले की गळ्याचा पोत बदलतो आणि काटा हलतो, म्हणून माझ्या गाण्याच्या खोलीत पाण्याचा तांब्या कधी गेला नाही. मोठमोठे लोक या नियमाने गायले आहेत, कुणी मेले नाही.

३. धंद्यात मी कुणाची भीडभाड ठेवली नाही. नवऱ्याच्या वर्षश्राद्धासाठी भजन रेकॉर्ड करायला आलेल्या एका बाईला मी तोंडावर सांगितले की, बाई, तुमचा गळा म्हणजे मागावरचा तेल न घातलेला धोटा आहे. ती रडत रडत जिना उतरली नाही; जिना चढली. वरच्या मजल्यावर माझी कन्या कु. योगिता, वय २८, राहते. तिने त्या बाईला पलंगावर बसवले, चहा दिला, भजन लॅपटॉपवर घेतले आणि प्लगइन लावून तिचा एकेक सूर ओढून जागेवर बसवला. बाईने ते भजन सगळ्या नातेवाइकांना पाठवले. मलाही पाठवले.

४. प्लगइन म्हणजे काय, हे आपल्याला सांगणे आवश्यक आहे. प्लगइन म्हणजे पेटीचे चित्र. लॅपटॉपच्या पडद्यावर माझ्या पेटीसारखेच मशीन काढलेले असते, काटेसुद्धा हलतात, पण हात लावला तर गरम लागत नाही. चित्रातल्या लाडवाने उपास सुटत नाही, असे मी योगिताला लहानपणापासून सांगत आलो. तरी तिने गेल्या दिवाळीत प्रमिलाबाई व दोन गिऱ्हाइकांसमोर मला खुर्चीवर बसवून एकच आवाज दोन तऱ्हांनी ऐकवला. एक माझ्या मशीनमधून घेतलेला, एक प्लगइनमधून. प्रमिलाबाई म्हणजे आमच्या गल्लीतील कानबाईच्या उत्सवाच्या प्रमुख आणि माझ्या पत्नीची जिवाभावाची मैत्रीण. मी डोळे मिटून ऐकले, पहिल्याकडे बोट दाखवले आणि ऊब कशाला म्हणतात यावर दहा मिनिटे बोललो. तो प्लगइन होता. पुन्हा दोनदा ऐकवले, पुन्हा दोनदा तेच झाले. प्रमिलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. योगिता हसली नाही, याचा राग मला जास्त आला.

५. वरील कारणास्तव, म्हणजे निवासी जागेत विनापरवाना धंदा या कारणास्तव, मी संदर्भ १ चा अर्ज दिला होता. पोटच्या पोरीविरुद्ध अर्ज देणारा बाप असे मला गल्लीत म्हणतात. कायद्याला नातेगोते नसते असे मी समजतो. त्यावर भाईदासभाई पाहणीस आले आणि त्यांनी अहवाल दिला की, जागेत एक लॅपटॉप, एक हेडफोन व एक पलंग असून धूर नाही, कामगार नाही, आवाज नाही, सबब उद्योग आढळून येत नाही. आवाजाच्या धंद्यात आवाज आढळून येत नाही, हीच तर माझी तक्रार होती. परंतु तो अर्ज आता मागे पडला आहे. तिचा धंदा खुशाल चालू द्या. माझे म्हणणे फक्त एका गाण्यापुरते आहे.

६. कानबाई हे आम्हा खान्देशी लोकांचे दैवत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते आणि सोमवारी वाजतगाजत जाते. सन २००९ च्या जुलै महिन्यात माझ्या पत्नीने कानबाईचे एक गाणे माझ्या खोलीत गायले. ते तेव्हापासून दर वर्षी डिंडोलीतील आमच्या गल्लीत भोंग्यावर लागते. गाण्यात तिसऱ्या व चौथ्या कडव्याच्या मध्ये अकरा सेकंदांची जागा आहे. तिथे गाणे थांबते आणि फक्त एक ठेका ऐकू येतो : एक थाप, एक थाप, मग दोन लागोपाठ. बायका त्या ठेक्यावर टाळ्या देतात. सासरी गेलेल्या मुली त्या टाळ्यांसाठी माहेरी येतात. आमच्या गल्लीतले लेकरू बोलायच्या आधी तो ठेका शिकते. ढोलकी कुणाची, असे विचारले की मी गप्प बसून हसत असे, म्हणजे लोक समजत की माझीच.

७. सुंदरा त्या वेळी आजारी होती. गळ्यात गाठ होती. त्याच वर्षी डिसेंबरात ती वारली. डॉक्टर नको म्हणत असताना देवीसाठी हट्टाने उभी राहून गायली, असे मी सर्वांना सांगितले आहे. मांडवात तिच्या फोटोला हार घालतात तेव्हा प्रमिलाबाई हेच वाक्य माइकवरून बोलतात आणि नंतर मला नारळ देतात. पंधरा वर्षांचे नारळ मी घेतले आहेत.

८. या गाण्याखाली एक गुणगुण आहे. त्या काळी आमच्या भिंतीला लागून लूमची शेड होती. तिच्या मोटरी व माझे मशीन एकाच लाइनवर असल्याने मशीनमधून एक जाड, सतत घुमणारा आवाज यायचा. लोक त्याला छगनभाऊच्या मशीनची ऊब म्हणत, आणि मी नाही म्हटले नाही. या वर्षी जुनी सीडी अडकू लागली. लोकांच्या फोनमधले गाणेही त्याच सीडीवरून उतरवलेले, तेही तिथेच अडकते. तेव्हा प्रमिलाबाईंनी योगिताला सांगितले, “औंदा सुंदरानं गानं साफ वाजाले जोयजे,” म्हणजे यंदा सुंदराचे गाणे स्वच्छ वाजले पाहिजे. योगिताने माझ्याकडे मूळ टेप मागितली. त्या टेपवर सुंदराचा आवाज वेगळ्या पट्ट्यात आहे. ती मी स्वतः, माझ्या हाताने दिली. खरे मशीन काय असते ते ऐक आणि शीक, असेही म्हणालो. साहेब, ही माझी चूक झाली. दिवाळीतल्या हसण्याचा वचपा काढायचा होता, त्या नादात मी टेपवर काय आहे हेच विसरलो.

९. दि. २७ जून रोजी योगिताने माझ्या कानाला हेडफोन लावला. तिने प्लगइनने गुणगुण संपूर्ण काढून टाकली होती. प्लगइनच्या विरोधात मी आजवर खूप बोललो, पण या बाबतीत त्याने कामचुकारपणा केलेला नाही, हे मान्य करावे लागते.

१०. तेव्हापासून मी गुणगुण परत आणण्याचे सर्व प्रयत्न केले आहेत. प्रथम मी प्लगइनच वापरून पाहिले, हे नमूद करताना मान खाली जाते. त्या चित्रातल्या पेटीला एक बटण असते. पेटी खरी वाटावी म्हणून त्यातून खोटी गुणगुण येते. योगिता बाजारात गेली असता मी तिच्या लॅपटॉपवर ते बटण शेवटपर्यंत फिरवले. पण ती गुणगुण फार शहाणी आहे, एका सुरात गुपचूप चालते, आणि तिच्यातून सगळे ऐकू येते. मग माझे मशीन तापवले. त्यातून काहीच आले नाही, कारण शेड आता तिथे नाही. सन २०१६ मध्ये त्या शेडच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून ती हलवण्याचा अर्ज मीच आपल्या कार्यालयात दिला होता आणि आपल्या कार्यालयाने तो मंजूर केला (संदर्भ ३). माझा एवढा एकच अर्ज आजवर मंजूर झाला आहे.

११. शेड आता कडोदऱ्याला आहे. दि. १४ जुलै रोजी मी मशीन रिक्षात घालून कडोदऱ्याला नेले. शेडच्या मालकाने मोठ्या मनाने चहा दिला आणि लाइनही दिली. परंतु त्याने जुने माग भंगारात काढून पाण्यावर चालणारे नवे माग बसवले आहेत, वायरिंग नवे केले आहे, अर्थिंग चोख आहे. माझे मशीन तिथे इतके स्वच्छ वाजले की तसे आयुष्यात कधी वाजले नव्हते. मी दोन तास वाट पाहिली. मालकाने विचारले, “काका, क्या ढूंढ रहे हो?” मी मशीन परत रिक्षात ठेवले. सबब विनंती आहे की, आपल्या कार्यालयाने सन २०१६ चा आदेश एका दिवसापुरता रद्द करून जुने माग, जुनी मोटर व जुनी वायर मूळ जागी बसवून चालू करून द्यावी. मूळ जागी सध्या दवाखाना आहे. त्यांना एक दिवस रजा देता येईल.

१२. एका गुणगुणीसाठी एवढा खटाटोप का, असे आपण विचाराल. कागदावर लिहिले नाही तर अर्ज अपुरा ठरतो, म्हणून लिहितो. गाण्याची माझी खोली म्हणजे जिन्याखालची कोठी, चार फूट बाय पाच, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. शेडच्या हादऱ्याने तिचे दार उघडायचे, म्हणून त्याला बाहेरून कडी होती. शेडला रजा असेल त्याच दिवशी रेकॉर्डिंग करायचे, हा माझा शिरस्ता. त्या आठवड्याची रजा मी एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीला दिली होती. घरच्या माणसाला कसला शिरस्ता, म्हणून सुंदराला मी शेड चालू असताना उभे केले. ढोलकी आदल्या दिवशी घेऊन ठेवली होती, ती तिच्या हेडफोनमध्ये लावली. योगिता शाळेत होती. घरात आम्ही दोघेच. मी कडी लावली. सुंदराने ते गाणे त्या दिवशी एकोणीस वेळा गायले.

१३. एकोणिसाव्या वेळी सूर असा लागला की माझ्या अंगावर काटा आला. काटे जागेवर होते, पेटी तापली होती. तिसरे कडवे संपले, मधली जागा आली, आणि तिने दार वाजवायला सुरुवात केली. गुणगुण काढल्यावर ते लाकूड आहे हे स्पष्ट कळते. थापेबरोबर बांगड्या वाजतात, आणि ढोलकीला बांगड्या नसतात. थापांच्या मध्ये तिचा आवाज आहे : “दार उघाडा ना, गया सुकी ऱ्हायना.” ही अहिराणी आहे, गळा सुकतो आहे, असा अर्थ. त्यानंतर तिच्या हेडफोनमधून सांडलेला माझा आवाज आहे : “एकच कडवं ऱ्हायनं. मशीन तपेल शे. पानी मंग.” म्हणजे मशीन तापलेले आहे, पाणी नंतर. मग ती खोकते. मग ढोलकी समेवर येते आणि ती चौथे कडवे उचलते. चौथे कडवे तिने पूर्ण गायले आहे, बेसूर झालेली नाही, हे कृपया नोंदवून घ्यावे.

१४. दुसऱ्या दिवशी मी ते ऐकले. ती जागा कापता आली असती. पण तिने दार वाजवले होते तेही तालात, साहेब. एक थाप चुकलेली नव्हती. मागची ढोलकी काढून टाकली तरी ठेका तसाच उभा राहिला, माझ्या कोणत्याही ढोलकीवाल्याने तसा दिला नसता. म्हणून मी थापा ठेवल्या आणि ढोलकी काढली. आणि बोलणे झाकण्यासाठी त्या अकरा सेकंदांत मशीनची गुणगुण बटण फिरवून वर आणली. जी ऊब लोक सोळा वर्षे ऐकत आहेत ती मशीनने दिलेली नाही, मी घातलेली आहे. तेव्हा मला ते काम चांगले जमले असे वाटले होते. आता मला झोप येत नाही आणि पाणी पिताना घोट अडकतो, याचा आपल्या कार्यालयाशी संबंध नाही, तरी लिहिले.

१५. योगिताने हेडफोन काढून घेतला आणि एवढेच विचारले, “पप्पा, हा ठेका कोण देतंय? ढोलकी तो नथी.” मी म्हणालो, शेडचा आवाज असेल. ती खाली गेली, कोठीचे दार उघडून पाहिले, कडी कोणत्या बाजूला आहे ते पाहिले आणि वर आली. मी तिच्या पाया पडायला वाकलो, तिने पाय मागे घेतले. कुणाला सांगणार का, असे विचारले. ती म्हणाली, “मी काहीच सांगणार नाही. फक्त लावणार.” त्या दिवसापासून ती मला वेळेवर जेवण देते आणि ताटाशेजारी पाण्याचे दोन तांबे ठेवते. यापेक्षा तिने चारचौघांत थोबाडीत मारली असती तर मी अर्ज केला नसता.

१६. सबब, साहेबांना हात जोडून विनंती की :
(अ) कु. योगिता यांनी काढलेली गुणगुण जशीच्या तशी परत घालावी, असा आदेश व्हावा.
(आ) ते शक्य नसल्यास कलम ११ प्रमाणे जुने माग एक दिवस मिळावेत.
(इ) तेही शक्य नसल्यास, दि. ३ ऑगस्ट रोजी गाण्याची वेळ मी फोनवर कळवीन. त्या वेळी आमच्या गल्लीची वीज अकरा सेकंद बंद करावी. वीज आपल्या खात्याकडे नाही हे मला माहीत आहे. आपण सांगितले तर कुणीतरी ऐकेल.

१७. (इ) बाबत एक अडचण काल लक्षात आली, ती कळवतो. काल सायंकाळी प्रमिलाबाईंच्या ओट्यावर बायकांचा सराव चालला होता आणि मध्येच खरोखर वीज गेली. तिसरे कडवे नुकतेच संपले होते. भोंगा बंद पडला, गल्लीत काळोख झाला, आणि त्या पंचवीस-तीस बायकांनी एकही न चुकता टाळ्यांनी ठेका पुरा केला. त्यांना तो पाठ आहे. मी कोठीच्या दाराशी उभा होतो आणि मला वाटले की आतून वाजते आहे. मी दार उघडले. तेव्हा वीज बंद केली तरी उपयोग होणार नाही. करिता शेवटची विनंती अशी की, त्या अकरा सेकंदांत आमच्या गल्लीत कुणीही टाळी वाजवू नये, असा मनाई हुकूम काढावा.

कळावे, उपकार विसरणार नाही.

आपला नम्र,
(सही)
छगन झिपरू सैंदाणे
मालक, सुंदरा साउंड, डिंडोली

दिनांक : २४ जुलै २०२५

सोबत :
१) मशीनचा फोटो, पुढून.
२) सन २०१६ च्या मंजूर अर्जाची प्रत.
३) जुनी सीडी (अडकते).
४) कोठीच्या दाराची कडी, लोखंडी, एक नग. ही मी काढली आहे. परत करू नये.

प्रत माहितीसाठी : कोणासही नाही.